त्वचेच्या कामाचा कोर्स आणि परवाना : शिकलेल्यांचा, शिकवणाऱ्यांचा सल्ला हवा

रानजाई
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं हिशेबाच्या नोकरीत काढली, आता चाळिशीत क्षेत्र बदलायचं पक्कं केलंय. त्वचेचं काम शिकायचंय आणि तेही रीतसर, परवाना काढून. फेशियल, वॅक्सिंग, पील्स (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं), त्वचेचं परीक्षण एवढंच. केस आणि मेकअप यांत रस नाही.

कोर्समध्ये नक्की शिकवतात काय? माहितीपत्रकं पुष्कळ चाळली, सगळीकडे तेच हसरे चेहरे आणि पांढरे टॉवेल. परीक्षा कितपत अवघड असते? शाळा सुटल्यापासून विज्ञानाला हात लावलेला नाही. शिवाय आमचं बस्तान पुढेमागे दुसऱ्या देशात हलू शकतं. एकीकडचा परवाना दुसरीकडे चालतो का?

"पार्लर टाक सरळ, त्यात शिकायचंय काय" हा सल्ला घरून मिळून झालाय, तो कृपया पुन्हा नको :)

उंटावरचा शहाणा
तोच देणार होतो, तुम्ही वाट अडवलीत. पण खरंच विचारतो, खवचटपणा नाही. चेहऱ्याला क्रीम चोळायला शेकडो तास वर्गात बसायचं? ही फी उकळायची सोय वाटते मला.

चष्मिस
शहाणे, मी हा विषय शिकवते आणि दर बॅचला कोणीतरी हे विचारतंच, त्यामुळे राग नाही.

क्रीम कोणीही चोळेल. कधी हात लावायचा नाही हे शिकवायला ते तास लागतात. एक उदाहरण देते. बाई खुर्चीत बसतात, मानेभोवती काळपट, जाडसर, मखमली पट्टा. म्हणतात, "किती घासलं तरी मळ निघत नाही, जरा जोर लावा." न शिकलेला माणूस जोर लावतो. शिकलेल्याच्या डोक्यात अकॅन्थोसिस नायग्रिकन्स येतं. तो मळ नसतोच. पुष्कळदा शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते, आणि घासल्याने पट्टा आणखी काळा पडतो. अशा बाईंना डॉक्टरकडे पाठवायचं, पण "तुम्हाला मधुमेह दिसतोय" असं चुकूनही म्हणायचं नाही. निदान करणं आपल्या परवान्यात बसत नाही. "इथली त्वचा वेगळी वाटतेय, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या" एवढंच बोलायचं. हे वाक्य न घाबरवता, न लाजवता कसं म्हणायचं याचा आम्ही वर्गात जोड्या लावून सराव घेतो.

तसंच तिळांचं. दोन बाजू सारख्या नसलेला, कडा वेड्यावाकड्या, एकाहून जास्त रंगांचा, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा किंवा अलीकडे बदललेला तीळ दिसला की त्यावर काहीही करायचं नाही. पाठीवरचा तीळ बाईंना स्वतःला दिसत नाही, आपल्याला दिसतो.

रानजाई, अभ्यासक्रमाबद्दल रात्री सविस्तर लिहिते.

उंटावरचा शहाणा
मानेचं माहीत नव्हतं. एक पाऊल मागे. एकच :)

भोचक भवानी
धागा छान. चष्मिसताई, तेलकट त्वचेला कुठलं सनस्क्रीन घेऊ?

चष्मिस
भवानी, त्याचे धागे वेगळे आहेत, तिकडे भेटू.

तर अभ्यासक्रम. पहिले काही आठवडे यंत्रं नाहीत, क्रीम नाही. हात धुणं आणि भांडी धुणं. विद्यार्थी कंटाळतात, पण इथे मी सूट देत नाही. साफ करणं, निर्जंतुक करणं आणि जंतूंचा समूळ नाश करणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. चिमटा आधी साबण-पाण्याने घासायचा, कारण वर चिकटलेलं तेल आणि कातडीचे कण असले तर औषध जंतूपर्यंत पोचतच नाही. मग जंतुनाशक द्रावणात पूर्ण बुडवायचा, मुठीसकट, लेबलवर लिहिलेली मिनिटं भरेपर्यंत. बऱ्याच द्रावणांना १० मिनिटं लागतात. पार्लरमध्ये निळ्या पाण्याच्या बरणीत अर्धी बुडालेली कात्री दिसते ना, ती निर्जंतुक झालेली नसते. कात्रीला ओलं बसवून ठेवलंय, बस. तिसरी पायरी ऑटोक्लेव्हची, १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ. आणि कापूस, लाकडी पट्टी, स्पंज असल्या द्रव शोषणाऱ्या वस्तू एकदा वापरल्या की कचऱ्यात. धुऊन पुन्हा नाही.

मग त्वचेचं शास्त्र. एपिडर्मिसचे, म्हणजे वरच्या कातडीचे, पाच थर. त्यातला स्ट्रॅटम ल्युसिडम फक्त तळहात-तळपायांच्या जाड कातडीत असतो, हे परीक्षेत हमखास विचारतात. तळाच्या थरातली पेशी वर येऊन गळून पडायला तरुणपणी साधारण २८ दिवस, वय वाढेल तसे जास्त. "दर आठवड्याला फेशियल करा, उजळाल" असं सांगणारा फसवतोय हे या एका आकड्यावरून कळतं. चेहऱ्याच्या वरच्या थराचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्ल. अंगाच्या साबणाने तोंड धुतलं की का ओढल्यासारखं होतं, तेही इथेच उलगडतं.

विज्ञानाची भीती नको. हिशेब करणाऱ्यांना उलट पीएच चटकन कळतो असा माझा अनुभव आहे.

कापूसकोंडा
मी अलीकडेच परीक्षा देऊन बसलोय, त्यामुळे ताजं आहे. लेखी परीक्षा बहुपर्यायी होती. जमते. घाम फोडला तो प्रात्यक्षिकाने.

परीक्षक बोलत नाहीत. हसत नाहीत, मान डोलवत नाहीत. हातात यादी घेऊन उभे राहतात आणि बघतात. तुमचं फेशियल किती सुखाचं आहे याचे गुण नसतात. हात कधी स्वच्छ केले, टेबल पुसलं का, डोळ्यांवर पॅड ठेवले का, बरणीतून क्रीम बोटाने काढलं की पट्टीने, वापरलेली पट्टी पुन्हा बरणीत गेली का, याचे असतात. मेणाला तर प्रत्येक वेळी नवी पट्टी, एकदा बुडवली, लावली, टाकली.

माझ्या शेजारच्या मुलीच्या हातून ब्रश खाली पडला. सभागृहात टक्क आवाज झाला. तिने शांतपणे ब्रश उचलला, "निर्जंतुक करायचं" लिहिलेल्या डब्यात टाकला, हात पुन्हा स्वच्छ केले, पिशवीतून दुसरा ब्रश काढला आणि पुढे चालू. ती पास झाली. वस्तू पडल्याचे गुण जात नाहीत, पडल्यानंतर तुम्ही काय करता ते बघतात. म्हणून प्रत्येक वस्तू दोन घेऊन जा आणि पिशव्यांवर नावं घरूनच लिहून न्या.

सगळीकडे प्रात्यक्षिक असतंच असं नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२ पासून ते काढून टाकलं, आता फक्त लेखी. माझ्या नशिबी नव्हतं.

पिंगळा
मी त्वचारोग विभागात काम करतो, तिकडून थोडं.

आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काम करणाऱ्यांनी फिट्झपॅट्रिक प्रकार नीट शिकावेत, पण ते कशासाठी निघाले हेही जाणून घ्यावं. १९७५ साली थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस ठरवताना गोऱ्या माणसांची वर्गवारी केली, उन्हात भाजतं किती आणि रापतं किती यावरून. गडद त्वचेचे ५ आणि ६ हे प्रकार नंतर जोडले. त्यामुळे प्रकार ४-५ लिहून कागद बाजूला ठेवला असं करू नये. विचारायचा प्रश्न असा: "मुरूम गेला की मागे डाग राहतो का, आणि किती महिने?" डाग राहतो म्हणाल्या तर ती त्वचा दुखापतीला रंगाने उत्तर देते, आणि आपलं पीलही तिच्या लेखी दुखापतच.

रंगपेशींची संख्या सगळ्या वंशांत जवळपास सारखीच. फरक त्या पेशी बनवतात त्या रंगकणांच्या आकारात आणि वाटपात. वाफ जास्त झाली, मेण गरम लागलं, स्क्रब दाबून घासला, तर गोऱ्या त्वचेवर दोन दिवस लाली राहते आणि आपल्याकडे चार महिने तपकिरी डाग. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक याच.

दुसरं, कोर्समधल्या "सहा महिने" नियमाबद्दल. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर सहा महिने पील नाही, असं शिकवतात. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी पुरावे तपासून सांगितलं की वरवरच्या पील्ससाठी एवढं थांबवायला पुरेसा आधार नाही. वॅक्सिंगला मात्र ही सूट लागू करू नका, त्या औषधावर कातडी मेणासोबत सोलून निघते. आणि तुम्ही परवानाधारक असाल तर परीक्षेत सहा महिनेच लिहा, कामातही तुम्हाला परवाना देणारं मंडळ आणि विमा कंपनी जे म्हणते तेच पाळा. नवं संशोधन वाचून नियम ढिला करायचा अधिकार तुमचा नाही, माझाही एकट्याचा नाही.

गोधडी
पिंगळा, अगदी. चेहऱ्याला लावायच्या रेटिनॉइडचंही (त्याच जातीच्या औषधाचं मलम) तेच. फॉर्मवर "औषध चालू आहे का" विचारलं की बायका "नाही" लिहितात, कारण त्यांच्या लेखी मलम म्हणजे औषध नव्हे. मी विचारते, "रात्री झोपताना तोंडाला काय लावता, ट्यूब कशी दिसते?" मग फोनमध्ये फोटो निघतो. कधी रेटिनॉइड असतं, आणि कधी गोरेपणासाठी मैत्रिणीने दिलेलं स्टेरॉइड. महिनोन्‌महिने ते लावलेला चेहरा पातळ, लालसर, बारीक रक्तवाहिन्या दिसणारा होतो. त्याला मी हात लावत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

माझं स्वतःचं छोटं काम आहे, त्यामुळे पैशाच्या बाजूचं लिहिते, शाळेत ते कोणी सांगत नाही. सुरुवातीला तीन रस्ते असतात: पगार, कमिशन, किंवा खोली भाड्याने घेऊन स्वतंत्र. नवीन माणसाने तिसरा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. भाडं दर आठवड्याला जातं, गिऱ्हाईक दर आठवड्याला येत नाही. पहिलं वर्ष दुसऱ्याच्या छताखाली काढा, भले कमी मिळो.

आणि उत्पादनं विकावी लागतात. लाजाल तर उपाशी राहाल, आणि हात धुऊन मागे लागाल तर बाई पुन्हा फिरकणार नाही. मी एका भेटीत एकच वस्तू सुचवते आणि तिच्याकडे घरी आधीच असेल तर "तीच वापरा" म्हणते.

रानजाई
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! धन्यवाद. पील्सबद्दल आणखी सांगाल का? मला तेच जास्त करायचंय. आणि परदेशाचं?

चष्मिस
पील्स. विद्यार्थी टक्के बघतात, पीएच बघत नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. ग्लायकॉलिक आम्लाचं घ्या. पीएच ३.८ च्या आसपास निम्मं आम्ल मुक्त असतं, तेच त्वचेत शिरून काम करतं. पीएच त्याहून खाली गेला की मुक्त वाटा झपाट्याने वाढतो. म्हणून ३०% च्या दोन बाटल्या, एक पीएच ३.५ ची आणि एक १.५ ची, या चेहऱ्यावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लेबलचा आकडा सारखा असला तरी. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वस्तूंसाठी १०% पर्यंत आणि पीएच किमान ३.५, तर प्रशिक्षित हातांसाठी ३०% पर्यंत आणि पीएच किमान ३, तेही थोडा वेळ लावून पूर्ण धुवायच्या अटीवर, अशी मर्यादा सुचवलेली आहे. त्यापलीकडचं काम डॉक्टरांचं.

वर्गात मी घड्याळ हातात घेऊन उभी असते. ग्लायकॉलिक लागलं की विद्यार्थ्याने पेशंटच्या चेहऱ्यावरून नजर काढायची नाही. "झोंबतंय का, १ ते १० मध्ये किती?" दर अर्ध्या मिनिटाला. नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यात द्रव साठतो, तिथे आधी व्हॅसलिनचा थर. वेळ झाली की खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने आम्ल मारायचं. सॅलिसिलिकची तऱ्हा निराळी, ते स्वतःच थांबतं आणि पांढरी पूड मागे राहते, नवशिके तिलाच फ्रॉस्टिंग (पील खोल गेल्यावर त्वचा पांढरी पडणं) समजून घाबरतात. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक नाही, गरोदरपणातही नाही.

यंत्रांचं थोडक्यात: स्टीमर, वुड्स लॅम्प (त्वचा तपासायचा अतिनील दिवा), आणि विजेच्या सौम्य प्रवाहावर चालणारी हाय फ्रीक्वेन्सी, गॅल्व्हॅनिक. विजेवर चालणारं काहीही लावण्याआधी पेसमेकर, शरीरातला धातू आणि गरोदरपण विचारायचं. बाकी कंपनीवाले शिकवतात.

कापूसकोंडा
परदेशाचं मी सांगतो, परवाना घेण्याआधी हाच घोळ निस्तरत बसलो होतो.

सरळ उत्तर, परवाना देश ओलांडून चालत नाही. देशातल्या देशातही नाही कधीकधी. अमेरिकेत हे राज्याचं काम आहे आणि तास वाट्टेल तसे आहेत. फ्लोरिडात २२०, कॅलिफोर्नियात ६००, टेक्ससमध्ये ७५०, जॉर्जियात १०००. व्हर्जिनिया, युटा यांसारख्या काही राज्यांत वरचा "मास्टर" परवाना आहे, त्याला १२०० तास. म्हणजे कमी तासांच्या राज्यात शिकून जास्त तासांच्या राज्यात गेलात तर उरलेले तास भरा, नाहीतर कामाचा अनुभव दाखवा. इंग्लंडमध्ये साध्या ब्युटी थेरपीला देशव्यापी परवाना नाही, पण एनव्हीक्यू (तिथली व्यावसायिक पात्रता) लेव्हल २ आणि ३ सारखं काही हाती नसेल तर विमा आणि नोकरी मिळणं अवघड जातं. २०२२ च्या कायद्याने तिथल्या सरकारला इंजेक्शनसारख्या प्रक्रियांना परवाना लागू करायचे अधिकार मिळाले. भारतात परवाना असा नाहीच. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, कौशल्य परिषदेची प्रमाणपत्रं आहेत.

देश बदलायचा असेल तर सिडेस्कोचा डिप्लोमा बघा. १९४६ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तो म्हणजे परवाना नव्हे, पण मुलाखतीत नाव ओळखीचं निघतं.

उंटावरचा शहाणा
एका ठिकाणी २२० तासांत माणूस तयार होतो आणि दुसरीकडे १००० लागतात? आता माझ्या फीच्या मुद्द्याकडे परत येऊ का?

चष्मिस
या, कारण इथे तुमचं चुकत नाही. जास्त तास म्हणजे जास्त शिक्षण असं काही नाही. कित्येक शाळांत शेवटचे शेकडो तास विद्यार्थी शाळेच्याच सलूनमध्ये गिऱ्हाईकं करतात, पैसे शाळेला आणि विद्यार्थ्याला तासांवर शिक्का. काम करून हात बसतो हे खरं. पण विद्यार्थ्याने सलग भुवयाच कोरल्या तर हात भुवयांपुरताच बसतो. शाळेला विचारा: प्रत्येक उपचार किमान किती वेळा करावा लागतो, आणि शिक्षक शेजारी उभे असतात की ऑफिसात? उत्तर देताना आढेवेढे घेतले तर समजून घ्या.

गोधडी
+१. आणि शाळा मध्येच बंद पडतात हो. माझ्या ओळखीतल्या एकीचे निम्मे तास असेच हवेत गेले, कागद मिळेना. दर महिन्याला तासांचा सही-शिक्क्याचा उतारा मागून घ्या, शाळेच्या संगणकावर विसंबू नका. हिशेबवाल्या बाईला हे सांगायला नको म्हणा :)

कापूसकोंडा
रानजाई, शरीराचंही मनावर घ्या. अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात दुखायला लागतं, पहिल्याच सत्रात. स्टूल अॅडजस्ट करायला शिका, गिऱ्हाइकावर वाकू नका, बेड वर घ्या. ब्लॅकहेड्स काढताना बोटांच्या टोकांवर जोर न देता बाजूने खाली आणि मग वर, असं शिकवतात, त्याने गिऱ्हाइकाची कातडी आणि आपलं मनगट दोन्ही वाचतं. दोन-तीनदा प्रयत्न करून जे निघत नाही ते सोडून द्यायचं.

आणि पुरुषांनी यावं का, असं दोघांनी खाजगी निरोपात विचारलंय. या. आमच्या वर्गात मी एकटाच होतो. पहिल्या दिवशी मॉडेल मिळेना, नंतर दाढीखालच्या आत वळलेल्या केसांसाठी पुरुष गिऱ्हाईकं माझ्याकडेच यायला लागली.

भोचक भवानी
लेसर आणि मायक्रोनीडलिंग या परवान्यात येतं का? आमच्या बिल्डिंगमधली एक करते घरी.

पिंगळा
लेसर बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. सुया कातडीच्या जिवंत थरात गेल्या की ते सौंदर्याचं काम राहत नाही, अमेरिकेत त्या यंत्रांना वैद्यकीय उपकरण मानतात आणि अनेक राज्यांत या परवान्यावर ते करता येत नाही. शाळा "सर्टिफिकेट" देते म्हणून करायची परवानगी मिळाली असं होत नाही. वीकेंडच्या वर्कशॉपचं प्रमाणपत्र आणि परवाना यात गल्लत करून अडचणीत आलेले लोक आहेत. बिल्डिंगमधल्या बाईंकडे जाऊ नका.

रानजाई
पुढच्या आठवड्यात दोन शाळा बघायला जातेय. काय बघू?

चष्मिस
मार्गदर्शकाबरोबर फिरून झालं की परत एकटीने स्वच्छतेच्या खोलीत जा. सिंक कोरडं आहे का, द्रावणाच्या भांड्याला झाकण आणि तारीख आहे का, वापरलेलं सामान आणि स्वच्छ सामान वेगवेगळ्या कपाटात आहे का. मग मधल्या सुट्टीत शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, "तुम्ही शेवटचं पील कधी केलंत?"

आणि बाहेरचं गिऱ्हाईक म्हणून त्यांच्या विद्यार्थी-सलूनमध्ये फेशियलची वेळ घ्या. चेहऱ्याला हात लावण्याआधी फॉर्म भरून घेतला, तो वाचला आणि वाचून तुम्हाला एखादा उलट प्रश्न विचारला, तर प्रवेशाचं बोला. फॉर्म न बघता बाजूला ठेवून थेट टॉवेल बांधायला घेतला, तर फेशियल करून घ्या आणि घरी या.